लंघन आणि उपास

त्रिंबका,

पेशव्यांच्या दफ्तरातून रजा मागून मी भाड्याच्या तट्टावर सासवडला निघालो आहे. तुझ्या होणाऱ्या सोयऱ्यांचा निरोप आला, मुलाला महारोग आहे, तोंडावर रक्तपिती दिसते, लग्न मोडा. त्या नुसत्या पुटकुळ्या आहेत, हे त्यांना मी पटवायचं.

वैद्यबुवांनी तुला लंघन सांगितलं होतं. लंघन म्हणजे पोट रिकामं ठेवणं. तू रोज एकादशी असल्यासारखा उपास धरलास. तुपात तळलेली रताळी, आटीव दूध, वर पेढे, आणि तुझ्या वहिनीला सांगतोस की वैद्यांची आज्ञा आहे. आज सकाळी त्याच तुपकट बोटांनी पुटकुळ्या फोडल्यास आणि पू माझ्या पंच्याला पुसलास. मी नंतर त्यानेच तोंड पुसलं. अजून शिसारी जात नाही.

पंचा जाळून टाक. मी येईपर्यंत तुला मुगाचं कढण मिळेल, बाकी काही नाही. तुपाच्या फडताळाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या जानव्याला. वहिनीपुढे रडू नकोस, तिला दया लवकर येते.

सासवडकरांनी रोगाचं नाव विचारलंच, तर खरं तेच सांगेन. एकादशी.

दादा