चौतीस दातांचं चक्र

३ फेब्रुवारी, सोमवार

उतरले! दुसऱ्या वळणावर सरळ खाली उतरले आणि सायकल ढकलत वर गेले. सगळ्यात हलका गिअर लावलेला, त्याच्या पलीकडे काही उरलेलंच नाही, आणि पाय म्हणतायत, बास.

बाबांच्या घरात शिरले आणि खुर्चीत कोसळले. नेहमीसारखा तोंडातून शब्द निघेना. बाबा खिडकीपाशी. मान न वळवताच म्हणाले, "आलीस? दुसऱ्या वळणावर उतरलीस आज."

हो, उतरले! दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या, मग हा चढ चढायचा, आणि वर पोचल्यावर पन्नाशीच्या बाईने हे ऐकून घ्यायचं! आपण खिडकीत बसून बघायचं आणि वर गुण द्यायचे. घरात दिवासुद्धा लावलेला नव्हता. कंटाळा! दिवा मी लावला, डबा मी उघडला, गोळ्या मी हातावर ठेवल्या. शर्टाची बटणं एक घर खाली लावलेली. सांगितलं तर म्हणे, "मला इथे कोण बघायला येतंय?"

येताना उतारावर ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. पेनही धरवत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कालव्याचा रस्ता. सपाट, सरळ, एका बाजूला पाणी. समोरून वारा होता तरी मजा आली. मागच्या चाकावरची दातेरी चक्रं एकेक दाताच्या फरकाची — वारा वाढला की एक खट्, पडला की परत एक खट्, पाय आपले त्याच लयीत. लॅबला पोचेपर्यंत डोकं रिकामं होतं. दिवसातला एवढाच अर्धा तास माझा. बाकी सगळा लॅबचा, बाबांचा आणि झोपेचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भावाचा फोन. "ताई, तू उगाच जिवाला त्रास करून घेतेस. बाबांना खाली घेऊन ये, नाहीतर स्कूटर शीक." लांब राहून सल्ले द्यायला काय जातं! रस्ता खचल्यापासून वरची बस बंद आहे, हे त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागतं. आणि स्कूटरवर मी एकदा बसले होते. ती भिंतीत गेली.

संध्याकाळी वर गेल्यावर मीच विषय काढला. दम खाली बसेपर्यंत थांबले आणि म्हटलं, "बाबा, माझ्याकडे चला ना. पुढची खोली रिकामीच आहे. ऊन येतं, खाली बाग आहे."

"इथे मला पाऊल कुठे टाकायचं ते माहीत आहे," म्हणाले.

झालं. मागच्या वेळीही हेच. पुढे बोलावं तर निघायची वेळ झालेली, अंधाराच्या आत तो उतार उतरायचा असतो. बोलण्यापुरता दम येतो तोवर निघायची वेळ होते. वर्षभर हे असंच चाललंय. आठवड्यातून तीनदा भेटतो आणि बोलणं म्हणून होत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सायकलवाल्याकडे गेले. मनात मी त्याला गुडघेमास्तर म्हणते. कुठलीही तक्रार घेऊन जा, आधी स्वतःच्या गुडघ्यांची कहाणी. आज मात्र कहाणी कामाची निघाली.

"मागचं मोठं चक्र पंचवीस दातांचं आहे, मॅडम. हे रेसवाल्यांचं काम. माझे गुडघे असेच गेले! चौतीसचं लावा. बसल्या बसल्या चढाल, गाणं म्हणत."

"आणि सपाटीवर?"

डोकं खाजवलं. "सपाटीवर... जाणवेल थोडं."

थोडं म्हणजे किती, ते काढून घ्यायला अर्धा तास गेला. चक्रं होती तेवढीच राहणार, पण तेवढ्यातच चौतीसपर्यंत पोचायचं, म्हणजे मधली अंतरं वाढणार. एक गिअर जड वाटेल, शेजारचा हलका. हवा असलेला नेमका मधे असेल, आणि तो नसेल! पुढचं चक्र लहान केलं तर? तर सपाटीवर पाय नुसते गरगर फिरणार आणि मागून पोरंटोरं पुढे जाणार.

"दोन सायकली ठेवा," म्हणाला. "एक सपाटीची, एक चढाची."

म्हटलं, बाई एकच आहे, तिचं काय करू?

घरी आल्यावर कळलं की गिअरमुळे अडलेलं नाहीच. पंचवीसचं चक्र आहे तोवर हे सगळं तात्पुरतं आहे. आज ना उद्या बाबा खाली येतील, तोवर कसंतरी रेटायचं. चौतीसचं लावलं म्हणजे मी मान्य केलं — ते येणार नाहीत, मी चढत राहणार, आणि कालव्यावरचा अर्धा तासही त्या चढालाच जाणार. हे गुडघेमास्तरला कसं सांगू!

१० फेब्रुवारी

चढ. उतरले. जेवण, झोप.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गुडघेमास्तरने ते चक्र बघायला म्हणून दिलंय. "दोन दिवस जवळ ठेवा, मन तयार होईल." लॅबमध्ये टेबलावर ठेवलं. आमच्या पॉलिशवालीने मोजून बघितलं. "चौतीस? आपल्याकडे बत्तीसच्या वर कोणी येत नाही बाई!" एवढ्यावर दोघी हसत सुटलो, मेण हातातच थिजलं.

संध्याकाळी ते वर घेऊन गेले. बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कडेवरून सावकाश अंगठा फिरवला, एक फेरी पूर्ण केली आणि म्हणाले, "चौतीस." न बघता! मी रोज दातांत बसते, मला नसतं जमलं. रेसचा माणूस तो रेसचाच.

मग सुरू. "हा थाळा लावू नकोस. चढ चढासारखा चढावा. उभं राहून."

"तुम्ही पंचविशीत बक्षिसं आणायचात. मी पन्नाशीत डबा आणते."

चक्र परत माझ्या हातात दिलं. मग हळूच विचारलं, "चेनपण बदलणार?"

"बदलावीच लागेल. जुनी झिजलीय, नव्या चक्रावर घसरते."

"अजून चालते की ती. राहू दे ना."

चेन माझी, पाय माझे, आणि हट्ट यांचा! तोंड एवढंसं झालं होतं मात्र. मला राग आला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

खिडकी लावताना सहज बाहेर बघितलं, तर दुसरं वळण दिसतच नाही. पाण्याची टाकी आड येते. मग मी उतरले ते यांना कळतं कसं? अर्थात कानांनी! रेसमध्ये मागच्याची चेन ऐकून तो किती दमलाय ते ओळखायचो, हे लहानपणापासून शंभरदा ऐकवून झालंय. म्हणजे बघतही नाहीत, नुसते कान लावून माझ्या चुका मोजत बसतात. कमाल आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले नाही. फोन करून डोकं दुखतंय सांगितलं. खोटं नव्हतं. परवाचा डबा फ्रीजमध्ये आहे, गोळ्या काढून ठेवलेल्या आहेत.

"बरं," म्हणाले. "झोप जरा."

एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं. फोन ठेवला आणि रडू आलं. दमलेय मी. बाबांचा राग येतो, मग राग आल्याचा राग येतो, आणि सोमवारी परत तोच चढ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पडले. तिसऱ्या वळणावर उभं राहून पॅडल मारत होते — बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, चढ चढासारखा! — आणि पोटरीत गोळा आला. सायकलसकट आडवी. रस्त्याच्या कडेला बसून राहिले. कोणी येत नव्हतं, जात नव्हतं. तिथेच ठरवलं. बदलायचं. नाही येणार बाबा खाली, नाही तर नाही.

लंगडत वर गेले तर बाबा दारात उभे. भिंतीला हात लावून. असे कधी दारापर्यंत येत नाहीत.

"आवाज मधेच बंद झाला," म्हणाले. "काय झालं? आवाज बंद का झाला?"

"काही नाही. थांबले होते जरा."

"बरं, बरं." आणि भिंत धरून परत खुर्चीकडे. माझ्या गुडघ्यातून रक्त पायमोज्यापर्यंत आलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नाही! मीच मोरीत जाऊन धुतलं, मीच पट्टी बांधली. काळजी करतात म्हणावं तर ही अशी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गुडघा सुजलाय. तरी गेले. "आज फार हळू," म्हणाले. हो बाबा, हळू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

परत हेच. आता पंचवीसचं चक्र शेवटचं. त्यांना सांगितलं नाही, उगाच वाद नको.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बसवलं. चौतीसचं चक्र, नवी चेन, मागचा चेन सरकवणारा लांब हाताचा गिअर, सगळं. गुडघेमास्तरने चाक उचलून हाताने फिरवलं आणि कान जवळ नेला. "ऐका मॅडम. काही ऐकू येतंय? मांजर झालीय सायकल!" खरंच काही ऐकू येत नव्हतं. जुनी चेन किती ओरडायची, ते आज कळलं.

मग कालव्यावर एक फेरी मारली. तो म्हणाला तसंच. हा गिअर जड, तो हलका, मधला नाही. सारखं बदलत राहिले, पाय काही लयीत बसेनात. पाण्याकडे बघायचं राहूनच गेलं. माझा अर्धा तास मीच देऊन टाकला, कुणी मागितला नव्हता. सवय होईल, म्हणे. कसलीही होते.

पण एक आहे. वर पोचल्यावर आता तोंडात शब्द असतील. खुर्चीत कोसळायचं नाही, सरळ समोर बसायचं आणि बोलायचं. तुम्हाला खाली का यायचं नाही, खरं कारण सांगा. भांडायचं तर भांडू. उद्या रविवार, ते वाट बघत नसतील. तसंच जाते. चकित होतील.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळा चढ बसून चढले. एकदाही उतरले नाही. सायकल भिंतीला टेकवली आणि आत गेले. भर दुपार, दार उघडं. बाबा खिडकीपाशी, तोंडावर लख्ख ऊन. पायांची चाहूल लागली तसे वळले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी हसले.

"कोण आहे?" म्हणाले.

मी समोर उभी. हात पुढे केला असता तर लागला असता.

"बसा ना," म्हणाले. "मुलीकडे काम होतं का? ती उद्या येईल. ती आली की मला लांबूनच कळतं."

दम अजिबात लागला नव्हता. तरी माझ्या तोंडातून शब्द निघेना.