ब्रेकवरचा पाय

तीर्थस्वरूप आई यांना जावयाचा वाकून नमस्कार. (बाबांनाही सांगा. तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप यांत मी दर वेळी घोळ घालतो आणि ते दर वेळी लाल पेन काढतात, म्हणून हे पत्र आधी तुम्ही वाचावं.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळ्या वेळेवर घेता ना? इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द जरा सैल अर्थाने वापरला आहे, तो कसा ते पुढे येईलच.

लिहायचं कारण म्हणजे रविवारी तुम्ही फोनवर जे बोललात ते. गुंड्याला वर्षभर आमच्याकडे पाठवा, मामाची मुलं आहेत, बोलतं घर आहे, पोरांत राहिला की आपोआप बोलायला लागेल, आणि माझ्या लेकीलाही जरा श्वास घेता येईल. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकलं. सासूबाईंना लगेच उत्तर द्यायचं नसतं एवढी अक्कल मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आली, म्हणून गप्प बसलो. पण तुमची लेक तेव्हापासून गुंड्याचे कपडे कपाटातून काढते, घड्या घालते आणि पुन्हा आत ठेवते. ती 'हो' म्हणेल या भीतीने माझा जीव टांगणीला लागला आहे. तेव्हा एकदा स्पष्टच लिहितो. आई, त्याला नेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाही (हे रागाने नाही, अनुभवाने).

गुंड्याला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी सांगितलं आणि थेरपिस्ट बाई घरी येणार असं ठरलं, तेव्हा माझी समजूत अशी होती की ही शिकवणीच. बाई येणार, आतल्या खोलीचं दार लावून घेणार, आणि तासाभराने सुधारलेला मुलगा बाहेर आणून देणार. मी पेपर घेऊन बसायच्या तयारीत होतो. बाई आल्या, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "हं, खेळा त्याच्याशी." आणि बघत होत्या त्या आमच्याकडे! परीक्षा माझी आहे हे कळल्यावर मला दरदरून घाम फुटला. मी गुंड्याला चेंडू दाखवला, हत्ती दाखवला, रंग विचारले, आकडे विचारले, "बाबा कुठेय, बाबा?" असं त्याच्या बाबाने स्वतःच तोंड कोरडं पडेपर्यंत विचारलं. गुंड्या आमच्याकडे पाठ करून डब्यांची झाकणं फिरवत राहिला. शेवटी बाईंनी विचारलं, तुम्ही काम काय करता? म्हटलं, गाडी चालवायला शिकवतो. त्या म्हणाल्या, "तरीच."

आता हे 'तरीच' तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. इतकी वर्षं तिथे बसून माझा पाय आता मला विचारत नाही. शिकणाऱ्याच्या मनात चूक यायच्या आत तो दाबून मोकळा होतो. (बाबांना मी शिकवलं तेव्हा त्यांची समजूत झाली की गाडीच नादुरुस्त आहे, आणि अजूनही ते तसंच सांगतात. मी कधी खोडून काढलं नाही.) घरीही माझं तेच चाललेलं असायचं. गुंड्याने पाण्याकडे पाहिलं न पाहिलं तोच पेला त्याच्या तोंडाशी. झाकण घरंगळत कॉटखाली गेलं की मी आडवा होऊन ते काढणार आणि त्याच्या हातात देणार. बाईंचं म्हणणं असं की पोराला कुणाकडे वळून बघायची गरजच आम्ही पडू देत नाही. त्याच्यासमोर खाली बसा, तो जे करतो तेच तुम्ही करा, एखादा शब्द बोला, आणि मग थांबा. आई, गाडी थांबवणं मला येतं. स्वतः थांबणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. तुमच्या लेकीला ते माझ्याआधी जमलं, हेही इथे नमूद करतो.

मग मी झाकणं फिरवायला लागलो. दिसतं तितकं ते सोपं नाही. गुंड्याचं झाकण गुणगुणत फिरतं, माझं धडपडत कलंडतं. गुंड्या ते गाल जमिनीला टेकवून बघतो, म्हणून मीही गाल टेकवून बघू लागलो. अशाच एका दुपारी घरमालक गळका नळ बघायला आले. दार उघडंच होतं. त्यांना दिसलं ते एवढंच की भाडेकरू पालथा पडला आहे आणि त्याच्या नाकासमोर डब्याचं झाकण फिरतं आहे. त्यांनी काळजीने विचारलं, बरं आहे ना? मी तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. तेव्हापासून ते फक्त तुमच्या लेकीशी बोलतात आणि माझ्याकडे दयेने बघतात.

इथवर ठीक होतं, पण ही थांबायची सवय माझ्याबरोबर कामावरही यायला लागली. एक हिशेबनीस शिकायला येतात. भिडस्त माणूस, हॉर्नसुद्धा क्षमा मागितल्यासारखा वाजवतात. वळणावर त्यांनी स्टिअरिंग वळवायला हवं होतं. मी पाय वर घेतला, बाईंनी सांगितल्याप्रमाणे चेहऱ्यावर उत्सुकता आणली आणि त्यांच्याकडे बघत थांबलो. तेही स्टिअरिंग सोडून माझ्याकडे बघत थांबले. नजरानजर इतकी छान झाली की बाईंनी पाठ थोपटली असती. गाडी मात्र सरळ रोपवाटिकेच्या कुंड्यांत गेली. माणसं सुखरूप, गुलाब गेले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला सध्या ऑफिसात बसून रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता शिकवायला लावलं आहे. तिथे कुणाला काही होण्यासारखं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. परवा संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसलो होतो. पाळी माझी होती. मी झाकण उभं धरलं आणि फिरवलंच नाही. बोललोही नाही. पायाला मुंग्या आल्या. गुंड्याने झाकणाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि मग मान वर करून माझ्याकडे. माझ्या चष्म्याकडे नाही, आई, माझ्याकडे. मी झाकण सोडलं. ते फिरलं तसा तो खळखळून हसला, आणि खाली पडल्यावर उचलून त्याने ते स्वतः माझ्या हातात दिलं. तुमची लेक ओल्या हातांनी दारात उभी होती. मी रडलो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तो अजून एकही शब्द बोलत नाही. पुढे बोलेल, की चित्रं दाखवून सांगेल, की आणखी कसं, याचं वचन बाई देत नाहीत आणि मीही आता मागत नाही. पण त्याने मान वर केली ती कुणीतरी थांबलं होतं म्हणून. तुमच्या घरात माया भरपूर आहे, पण तिथे सगळे मिळून एकाच वेळी "मी कोण, सांग?" असं विचारतील, आणि तो पुन्हा पाठ करेल. शिवाय ही शिकवणी त्याची नाहीच, आमची आहे. त्याला नेलंत तर विद्यार्थी इथेच राहतील आणि अभ्यास तिकडे जाईल.

तेव्हा राग मानू नये. आम्ही इथे उत्तम सांभाळतो आहोत, काळजी नसावी.

तुमचा जावई

ता. क. 'उत्तम सांभाळतो आहोत' हे खोडून वाचावं. आई, तुमची लेक फार दमली आहे. उभ्याने जेवते. केस विंचरताना मध्येच थांबते आणि फणी तशीच केसांत विसरते. दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडल्यापासून तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. मी 'अगं' म्हणतो आणि बाकी सगळे 'गुंड्याची आई'. न्यायचंच असेल तर तिला न्या. पंधरा दिवस तरी न्या. मी सांगून ती जाणार नाही. तेव्हा गुडघा धरला आहे, उठवत नाही, असा फोन करा. थोडं कण्हा.

आणखी एक. वर मी शूरपणे लिहिलं खरं, पण पंधरा दिवस एकट्याने करायची मला भीती वाटते. झोपताना त्याला तिचा कान धरायला लागतो. माझा कान तो चाचपून बघतो आणि सोडून देतो. तरी तिला न्याच. आणि यातलं तिला काही कळू देऊ नका.

आई, हे अक्षर माझं. पत्र पेटीत टाकायला त्याने माझ्याच हातात दिलं. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाला ब्लडप्रेशरची चौकशी, आणि कानापर्यंत लाल झाला. पाकीट चिकटवायलाही विसरला होता. गुडघ्याचा फोन जरूर कर आणि नीट कण्ह, तो स्पीकरवर ऐकत असेल. मी नाही म्हणेन. रागावू नकोस, समजावू नकोस, फोन ठेवू नकोस. जरा थांब. मी हो म्हणेन.