नाक खाली ठेवणारा पट्टा

प्रिय लायल,

मी कॉर्बिनकडे नीट पोचले. तुझा गुडघा कसा आहे? काठी घेऊनच चाल.

कॉर्बिनला अडवणं काही जमलं नाही. परवा जिथे बर्फ कोसळलं, त्याच उतारावर तो शनिवारी चढणार आहे. इंजिनाच्या नव्या टर्बोच्या जोराने चढावर स्नोमोबाइलचं नाक वर उठतं, म्हणून ते खाली धरणारा पुढचा पट्टा तो आखूड करत होता.

“आई, माझी पिशवी पाठीला लाव आणि गाडीवर बस. पिशवीसकट तू माझ्याएवढी भरशील. स्प्रिंग किती दबते ते मोजतो.”

“मी तुला नको म्हणायला आलेय.”

“मग बसून म्हण की!”

मी बसले. नको, नको म्हणत राहिले, तो मोजत राहिला. शेवटी म्हणाला, “झकास! आता कुठेही चढेल.”

शनिवारी फोनपाशीच थांब.

तुझीच,
ऑड्री