माय, ते खडे नव्हते

माय, मी गप्प बस म्हणाले आणि तू खरंच गप्प बसलीस. का? तू जाऊन नऊ वर्षं झाली तरी राग जात नाही. थोडा तुझ्यावर, जास्त माझ्यावर, आणि या आठवड्यात सगळ्यात जास्त आमच्या साहेबांवर.

लातूरच्या डाळ मिलमध्ये तू तूर निवडायला बसायचीस. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सुटलं की तुला घ्यायला यायचे. त्या दिवशी सुपात तू सात-आठ करडे खडे बाजूला काढून ठेवलेले. तू नखानं सुपावर दोनदा वाजवतेस. दोन खडे सरकत पुढे येतात. तीनदा वाजवतेस, तीन येतात, आणि जरा थांबून चौथा. "बघ, म्होरचा आकडा त्येच सांगतेत." मागून मुकादम हसतो, "काय वो मावशी, खड्यांची शाळा भरवली का?" "शाळा हाय, पर मास्तर त्येच हायेत. म्या आत्ता कुठं पहिलीत हाय." सगळ्या बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली पहिली पदवी माझी होणार होती, तीही विज्ञानाची, आणि माझी आई दगडांशी बोलत होती. रस्त्यात मी तुला झापलं, "खडे कुठं चालतात का? सूप हलत असेल. लोकांपुढं असलं बोलू नको, गप्प बस." तू "बरं बाई" म्हणालीस. मरेपर्यंत तो विषय काढला नाहीस.

दोन वर्षांपूर्वी हदगावच्या बाजारात सोयाबीनमध्ये तसेच खडे सापडले. तपासणीत कळलं, ते जिवंत आहेत आणि या पृथ्वीवरचे नाहीत. जग आठ दिवस वेडं झालं, मग कंटाळलं. ना यान, ना शस्त्र. तुरीएवढ्या जिवांना कोण भिणार? नांदेडच्या कार्यालयात त्यांच्या नोंदी ठेवायची नोकरी मी मागून घेतली. वर्षभर नोंदी केल्या. पाच वाजवले की पाच येतात, मग सहावा. माझं चुकलं की सगळे मागे सरकतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात, न चिडता. आणि साहेबांनी अहवालात काय लिहावं? केवळ उबेला प्रतिसाद देतात, बुद्धी नाही, पिकांना धोका नको म्हणून चुनाभट्टीत जाळावे. खाली माझी सही हवी होती.

"सर, ते मोजतात."

"मॅडम, ऊब लागली की मुंगीपण सरकते. अक्कल असती तर एव्हाना बोलले नसते का?"

माय, एकदा हसून घ्यायचं, कुणाचं ऐकायचं नाही, आणि मग म्हणायचं, हे बोलतच नाहीत! हे मी केलेलं आहे. म्हणून मला ते इतकं ओळखू आलं.

काल दुपारी साहेबांनी खड्यांच्या अकरा पेट्या जीपमध्ये घालून मला भट्टीकडे पाठवलं. थोड्या वेळानं ड्रायव्हरकाका म्हणाले, "म्याडम, भट्टी मागं ऱ्हायली की."

"राहू द्या, काका. इस्लापूरकडं घ्या, नदीवर."

"साहेबाला काय सांगू?"

"मॅडमनं सांगितलं म्हणा."

नदीकाठी काळ्या खडकावर मी एकेक झाकण उघडलं. काका पाठ करून उभे राहिले. "मला लांबचं दिसना झालंय," म्हणाले, "आन् जवळचंबी." ते जीव ओळीनं उतरले आणि खडकाच्या भेगांत गेले. एकही थांबला नाही. मला त्याचाही राग आला. कुणीतरी मागे वळून बघावं असं वाटत होतं, हे कबूल करते.

हे पत्र पाठवायचं नाही. तुला वाचून दाखवायला मीच लागायचे. अहवालावर मी सही केली नाही. दुसऱ्या कागदावर लिहिलं: पेट्या मी उघडल्या, चालकाचा दोष नाही. यांना पहिल्यांदा ओळखलं ते तूर निवडणाऱ्या एका बाईनं, आणि तिला गप्प बसवलं तिच्या शिकलेल्या मुलीनं. त्यावर सही करून आज सकाळी तो साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.