उशीचे हल्ले

सोमवार, ३ मार्च

हसले! सगळेच्या सगळे हसले! आणि कुठे, तर कमांडर मरतो तिथे!

आज बाहेरचे टेस्टर आले होते आमचा गेम खेळायला. चंद्रावरची खाण, तिथलं बंड, आमची नायिका, आणि तिला यान चालवायला शिकवणारा कमांडर — जो आता शत्रूच्या बाजूला आहे. शेवटची लढाई या दोघांची. मी काचेमागून बघत होते, हातात रुमाल घेऊन. म्हटलं, कोणी रडलं तर आपणही लगेच रडून घ्यावं.

तर लढाईत कमांडरला लेझरचे शंभरेक फटके बसले, गडी ढिम्म हलला नाही. मग लढाई संपून गोष्ट सुरू झाली आणि एकाच फटक्यात कोसळला. कोसळून चार पानं बोलला. "मी तुला मुलीसारखं..." इथे एक चष्मेवाला टेस्टर म्हणाला, "काका, मरा ना आता!"

ती चार पानं माझी. रुमाल नाक पुसायला कामी आला.

मंगळवार, ४ मार्च

बॉसबाईंनी बोलावलं. मला आणि ठोसाला. ठोसा म्हणजे आमच्याकडे लढाया बनवतो तो. त्याचं खरं नाव ऑफिसात आता कोणालाच आठवत नाही.

तो म्हणाला, गोष्ट खोटी वाटते. मी म्हणाले, लढाई खोटी वाटते — तुझे शत्रू दवाखान्यात नंबर लावल्यासारखे एकेक करून मार खायला येतात! बॉसबाई म्हणाल्या, "दोन्ही खोटं वाटतं. चोवीस तारखेला पुन्हा टेस्ट. तेव्हाही हसले तर गोष्ट काढून टाकू आणि नुसती मारामारी विकू."

गोष्ट काढून टाकू! म्हणजे मलाच काढल्यासारखं. तीन वर्षं त्या खाणीत राहतेय मी.

बाहेर आल्यावर ठोसाला विचारलं, "तू कधी खरी मारामारी केलीयस?" म्हणाला, "छे! तू?" मीही नाही. घ्या! दोघं मिळून ऐकीव माहितीवर युद्ध चालवतोय.

बुधवार, ५ मार्च

ठरलं. माणसावर अचानक हल्ला झाला की तो नक्की काय करतो, काय बोलतो, ते डोळ्यांनी बघायचं. हत्यार — उशी. सावज — घरचे. घरचे पोलिसांत जात नाहीत.

नवरा आंघोळीला गेला होता म्हणून ठोसाला फोन करून मोकळ्या आवाजात सगळा बेत सांगितला. उद्या नवरा, मग सासूबाई, रविवारी ताई. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हणाला. पण काय झालं ते कळव, असंही म्हणाला.

गुरुवार, ६ मार्च

हल्ला पहिला. नवरा कप घेऊन स्वयंपाकघरातून येत होता. मी दारामागून झडप घातली — धप्प! त्याने कप डोक्याच्या वर धरला आणि ओरडला, "चहा! माझा चहा!" स्वतःच्या नाकाची पर्वा नाही, कप मात्र वर. एक थेंब सांडला नाही! मला तर भरूनच आलं.

धडा: माणूस आधी हातातली वस्तू वाचवतो. आमच्या शत्रूंच्या हातात बंदुकीशिवाय काहीच नसतं. त्यांना कधी घरी जायचं असतं का? जेवायचं असतं का?

शुक्रवार, ७ मार्च

सासूबाई. सोफ्यावर पेपर वाचत होत्या. मी मागून गेले, उशी उचलली — आणि माझ्याच तोंडावर दणका! त्यांच्या पाठीशी एक उशी तयार होती. "माझ्या वयाला पाठीशी काहीतरी लागतं गं," म्हणाल्या. कान अजून गरम आहे.

धडा: मुरलेला शिपाई बेसावध नसतो.

रविवार, ९ मार्च

ताईकडे गेले. आमची ताई शाळेत गणित शिकवते, घरातली सगळ्यात शहाणी. उशी लागताच "मेले!" म्हणाली आणि सावकाश, गोल फिरून, पदर सावरत गालिच्यावर पडली. मग बराच वेळ गप्प. मी घाबरले. तेवढ्यात तिने एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं.

मेल्याचं सोंग! हे मला सुचलं नसतं. लोक खरंच असे वागतात!

मंगळवार, ११ मार्च

ठोसा खूश आहे. मी नाही, ठोसा! आता एक पहारेकरी हल्ला झाला की आधी हातातला डबा बाजूला ठेवतो आणि मग भिडतो. एक म्हातारी पहारेकरीण पाठीमागे जादा हत्यार बाळगते. एक जण मेल्याचं सोंग घेऊन एक डोळा उघडतो. आणि नायिकेला फटका बसला की ती लंगडते, पुढच्या प्रसंगातही लंगडतच येते.

ऑफिसातले चौघे डबेवाल्यावर गोळी झाडायला तयार नाहीत. "बिचाऱ्याने अजून खाल्लं नाहीये," म्हणतात.

गुरुवार, १३ मार्च

कमांडर अजून खोटाच. चार पानांची दोन केली. आता निम्मं खोटं बोलतो.

शनिवार, १५ मार्च

आज बाबा.

खरं तर ते बेतात नव्हते. बाबांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली आणि त्यांचं बोलणंही तेवढंच — ब्रेक, क्लच, आरसा बघ. आई गेल्यापासून तर तेही कमी झालंय. मी गेम लिहिते म्हटल्यावर "बरं" म्हणाले होते. एवढंच. बरं!

त्यांच्याकडे सहज गेले होते. उशी पिशवीत होती, मोह आवरला नाही. ते चष्मा लावून पेपर वाचत आतल्या खोलीत आले आणि मी उडी मारली. पण पायपुसणं सरकलं आणि मीच मागच्या मागे आडवी व्हायला लागले — डोकं थेट लोखंडी कपाटाच्या कोपऱ्याकडे.

"ब्रेक!" बाबा ओरडले.

पेपर कुठे, चष्मा कुठे. माझं डोकं आपटलं, पण मऊ लागलं. कोपरा आणि डोकं यांच्यामध्ये बाबांचा हात होता. दोन बोटांची सालं निघाली. त्यांनी नळाखाली हात धरला आणि म्हणाले, "चालताना मागे बघत जा." मग उशीकडे पाहिलं. "ही कशाला आणलीस?"

"धुवायला."

"उशी धुतात?"

मी पळ काढला.

रविवार, १६ मार्च

दिवसभर काही सुचलं नाही. बाबांनी मला कधी शाबास म्हटलं नाही. कमांडरच्या तोंडी ती चार पानं का घातली, ते आज लख्ख कळलं — ती मलाच ऐकायची होती. कोणाकडून, ते लिहायलाही लाज वाटते. लिहिते तरी. बाबांकडून.

उरलेली दोन पानं पुसून टाकली. रडले थोडी. बरं वाटलं.

सोमवार, १७ मार्च

ठोसाला म्हणाले, शेवटच्या लढाईत नायिका मागे लोखंडी कठड्यावर पडायला लागली की कमांडरचा हात तिच्या डोक्यामागे जायला हवा. लढता लढता. आपोआप. मग पुन्हा लढाई चालू.

"आणि भाषण?"

"भाषण नाही. फक्त 'मागे बघ.'"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "हे कोणाला उशी मारून मिळालं?" मी सांगितलं नाही.

बुधवार, १९ मार्च

हात बसवला. पहिल्याच खेपेला कमांडरने नायिकेचं मुंडकं उपटलं! ठोसा आणि मी हसून हसून टेबलाखाली.

सोमवार, २४ मार्च

नाही हसले!

डबेवाल्याला हसले, सोंगाड्याला हसले, ते हसायचंच होतं. पण शेवटच्या लढाईत चष्मेवाला सगळ्यात पुढे होता. नायिका मागे पडली, कमांडरचा हात गेला. "मागे बघ." चष्मेवाल्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. "मी याला नाही मारणार," म्हणाला. बॉसबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला — "गोष्ट राहील."

आणि रुमाल मी घरी विसरले होते. ठोसाने त्याचा दिला. फार स्वच्छ नव्हता.

शनिवार, २९ मार्च

घात झाला.

घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, ठोसालाही. ताईला जमलं नाही आणि बाबा असल्या गर्दीत येत नाहीत. जेवताना मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "तुम्हाला माहीत नाही, पण मी तुमच्यावर प्रयोग करत होते!"

सासूबाई फस्सकन हसल्या. नवऱ्याला ठसका लागला.

"अगं, बाथरूमच्या दाराला फट आहे," तो म्हणाला. "सगळा बेत ऐकला मी. म्हटलं, पोरगी एवढी काळजीत आहे तर जरा मदत करू. कप रिकामा होता!" सासूबाईंनी उशी आदल्या रात्रीच आणून ठेवली होती. ताईने तर आरशासमोर पडायची तालीम केली होती.

मी! खरंखोटं ओळखण्याचा पगार घेते मी! ठोसा तर जमिनीवर लोळायचाच बाकी होता. मीही हसले. आणि हसता हसता कपाटाचा तो कोपरा आठवला.

"बाबांना पण सांगितलं होतंस?"

"मी नाही. पण ताईने सांगितलं असेल. तिच्या पोटात काही राहतं का!"

रविवार, ३० मार्च

ताईचे दोन फोन आले, उचलले नाहीत. बाकी सगळ्यांचं सोंग चालेल मला. तो हात सोंग असला तर नको.

सोमवार, ३१ मार्च

ताईने शेवटी ऑफिसातच गाठलं. बाबांना सांगितलं होतंस का, मी विचारलं. "बाबांना? वेडी आहेस का! त्यांना सोंग येतं का कधी! पण तू आधी डॉक्टरकडे जा बाई, रोज फोन करून माझं डोकं खातात — तिला चक्कर येते का, उशी घेऊन फिरते, झोप पुरत नसेल तिची."

येताना बाबांकडे गेले. मला चक्कर वगैरे काही येत नाही, सांगितलं. "बरं" म्हणाले, पेपर वाचत बसले. आतल्या खोलीत कपाटाच्या कोपऱ्याला जुन्या टायरचा तुकडा घट्ट बांधून ठेवलाय.