बाहुलीची परवानगी

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुमच्या टेबलावर ठेवायची हिंमत मला होणार नाही, तरी लिहिते.

पेशंटला हात लावण्याआधी विचारायचं, हे तुम्ही आम्हाला नर्सिंगच्या वर्गात सरावाच्या बाहुलीवर शिकवलंत. "आजी, सुई टोचू का?" असं मी बाहुलीला इतक्या मायेनं विचारलं, की तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझं कौतुक केलंत.

सोमवारी वॉर्डात आमच्या कैनाड गावची बुधीबाई होती. जुलाब-उलट्यांनी पार गळाली होती, सलाईन लावायचं होतं. मी तिचा हात हातात घेऊन तसंच विचारलं. ती म्हणाली, "नको गं बाय. मला घरी जाऊ दे."

मी हात सोडला. पुढे काय करायचं ते कळेना. बाहुली कधी नको म्हणाली नव्हती.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "विचारत काय बसलीस? जीव जाईल तिचा!" त्यांनी तिचा दंड दाबून धरला आणि माझ्याकडूनच सुई टोचवून घेतली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. बुधीबाई वाचली. पण सुई आत जाताना ती ओरडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मग इचारलंस कशाला?"

आज प्रॅक्टिकलला मी बाहुलीचा हात धरला, विचारलं आणि थांबले. तुम्ही म्हणालात, "जयवंती, पुढे कर ना! ती काय बोलणार आहे?" पोरी हसल्या. तुम्हाला वाटलं, मी पुढचं विसरले.

मी उत्तराची वाट बघत होते, मॅडम.

तुमच्या वर्गातली,
जयवंती