दोन डब्यांतला भाऊसिंग

३ मार्च, सोमवार

सुनेनं आणखी एक डबा आणला! काळा, विटेएवढा, पोटात वारा फिरते त्याच्या. अन् ठेवला कुठं — माह्या गव्हाच्या कोठीवर. मी म्हटलं, उज्ज्वला, कामरगावात तुह्या फोटोच्या दुकानात असाच एक हाय ना, मंग हा कायले? म्हणे, "आई, उद्या दुकानाले आग लागली, चोर आला, तरी लोकायच्या लग्नाचे व्हिडिओ इथं राह्यतीन. तिथं जे टाकलं ते आपोआप इथं बी येते."

येते म्हणे! पाच कोसावरून. न एसटी, न जीप.

४ मार्च

खरंच येते. दुपारी उज्ज्वलाचा दुकानातून फोन — "आई, डब्याकडं पाहा, टाकून राह्यली." निळा लाईट लुकलुक, लुकलुक. आत कुरकुर. कोणाची तरी अख्खी वरात माह्या कोठीवर उतरली, घोड्यासकट, अन् घरात धूळ नाही उडाली! मी पाहतच बसली. भाकर करपली.

८ मार्च

तांड्यावरची विमलबाई आली होती. तिचा नवरा भाऊसिंग ऊसतोडीले गेला तो तिकडंच ट्रॅक्टरखाली गेला. मागच्या उन्हाळ्यात पुतणीच्या, साक्षीच्या लग्नात नाचला होता. उज्ज्वलानंच शूटिंग केली. साक्षीच्या घरचा पेनड्राईव्ह खराब झाला म्हणे. विमलबाई म्हणे, "माय, मले त्याले बोलताना पाहाचं हाय. एकदाच."

मी म्हटलं, "जिता होता तवा तर तूच त्याले म्हणत होती, गप बस मेल्या!"

हसली. मंग रडली. उज्ज्वलानं तिले मंगळवारी दुकानात बोलावलं. मी बी छाती फुगवून सांगतलं — दोन-दोन ठिकाणी हाय तुहा नवरा, भेऊ नको!

१० मार्च, सोमवार



दुपारी उज्ज्वलाचा फोन, नुसती किंचाळे — "आई, तो डबा बंद करा! आत्ता! तार उपटा!" काहून, म्हटलं. "ह्यायनं जुने लग्नं पुसून टाकले, मशीनमदी जागा नाही म्हणून! तिथं पुसलं की घरचं बी पुसल्या जाते!"

ह्यायनं म्हंजे हरीओमनं. माहा पोरगा. दिवटा!

कोठीमागं तारायचा गुंता — पंख्याची, फ्रिजची, चार्जरची, कोणती उपटू? अन् तो लाईट लुकलुकूनच राह्यला. तोच निळा, तितकाच गोड! परवा आणत होता, आज खाऊन राह्यला. स्टुलावर चढली अन् मेनच पाडला. पंखा थांबला. फ्रिज थांबला. डबा गप.

काय जबर गोष्ट हाय ही! येणं जसं तसंच जाणं. त्या गावात बोट दाबलं, या गावात माणूस गेला. न आवाज, न राख! देवाले बी एवढं साफ जमत नाही.

हरीओमले काय काय बोलली ते लिहत नाही. कागद खराब होईन.

११ मार्च

उज्ज्वलानं डबा लेकरासारखा मांडीवर घेतला अन् जीपनं दुकानात नेला. मी संगं. नेटाले न जोडता एकटाच उघडला. साक्षीचं लग्न — हाय! विमलबाईनं पदर तोंडात कोंबला.

भाऊसिंग नाचते. खुर्ची पाडते. कॅमेऱ्यात तोंड घालून वरडते, "विमले, जेवली का नाही वं?"

तिनं पुन्हा लावाले सांगतलं. पुन्हा. मंग चौथ्या वेळी त्याले उत्तर देल्लं — "जेवली."

 

१३ मार्च

उज्ज्वला दोन दिवसापासून नजर चुकवून राह्यली. आज धरलीच — सारं वाचलं ना वं? खाली पाहून म्हणे, "जुन्यापासून पुसत आलं होतं, आई. सगळ्यात जुनं आपल्याच घरचं होतं. आमचं लग्न."

म्हंजे हरीओमचे बाबा गेले. जाऊन तर बारा वर्सं झाले, पण चालते-बोलते त्या व्हिडिओत तेवढेच होते.

मी म्हटलं, चहा ठेव.

काही बिघडत नाही. एवढे वर्सं नांदली, मले पाठ हायेत ते. हसले की असा मोठा आवाज —

यायचा? का नुसतं पोटच हालायचं?